निदान, प्रश्नचिन्हासकट

"एमआरआय नॉर्मल आलाय, मग पार्किन्सन्स कसा काय?" हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी समोर येतोच. विचारणारा बहुतेक वेळा मुलगा किंवा जावई असतो. हातात ती फिल्मची भली मोठी पिशवी असते आणि आवाजात थोडा संशय. हजारो रुपये मोजून काढलेला फोटो म्हणतो काही नाही, आणि हा डॉक्टर नुसती बोटं आपटायला लावून, चार पावलं चालवून एवढं मोठं नाव घेतो. यात काहीतरी गडबड आहे असं त्याला वाटलं तर मी त्याला दोष देत नाही. आजाराचं नाव कागदावर छापून यायला हवं, ही सवय आम्हीच लोकांना लावली. साखर आकड्यात येते, थायरॉइड आकड्यात येतं. पार्किन्सन्स येत नाही.

मी मिरज–सांगली–कोल्हापूर या पट्ट्यात मेंदूविकारांची प्रॅक्टिस करतो. शिकलो मुंबईत. तिथे वॉर्डात एकेका पेशंटपाशी अर्धा अर्धा तास उभं राहायला मिळायचं. इथे ओपीडीच्या दिवशी बाहेरचे बाक भरलेले असतात आणि त्यातले निम्मे लोक शेवटची एसटी गाठायची म्हणून घड्याळाकडे बघत असतात. त्यांना आज, आत्ता नाव हवं असतं. आणि हा आजार असा, की त्याचं नाव पहिल्या भेटीत खात्रीने सांगणाऱ्या डॉक्टरपासून जरा जपूनच राहावं.

मध्यमेंदूतल्या एका काळसर पट्टीतल्या पेशी हळूहळू मरत जातात आणि डोपामिन नावाचं रसायन कमी पडायला लागतं, एवढं आता बहुतेकांना माहीत असतं. पण हाताचा वेग कमी झालेला डोळ्यांना दिसेपर्यंत त्या पेशींचा मोठा भाग आधीच गेलेला असतो, आणि ती घट साध्या एमआरआयमध्ये उमटत नाही. एमआरआय आम्ही काढतो तो दुसरं काही नाही ना हे बघायला. बारीक बारीक पक्षाघातांचे डाग, मेंदूत साठलेलं पाणी, क्वचित एखादी गाठ. म्हणजे नॉर्मल एमआरआय हा पार्किन्सन्सच्या विरोधातला पुरावा नसतो. झालाच तर थोडासा बाजूचा असतो. हे वाक्य मी इतक्यांदा बोललोय की आता कंपाउंडरसुद्धा बाहेर बसून लोकांना समजावतो.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजारावर छोटेखानी निबंध लिहिला. त्यात सहाच माणसं आहेत, आणि त्यातली काही तर त्यांनी फक्त रस्त्यात पाहिलेली. पुढे पॅरिसमध्ये शार्को यांनी आजाराला पार्किन्सन यांचं नाव दिलं आणि कंप नसलेल्या माणसालाही हा आजार असू शकतो हे दाखवून दिलं. आज हालचालींच्या विकारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे २०१५ मध्ये आलेले निकष आम्ही वापरतो. त्यांतही पहिली अट कंपाची नाही, मंदपणाची आहे. मंदपणा हवाच; त्याच्या जोडीला स्नायूंचा ताठरपणा किंवा हात स्वस्थ असताना होणारा कंप, दोन्हींपैकी एक तरी हवं. पण शार्कोंची ही गोष्ट आपल्या गावांपर्यंत अजून नीट आलेलीच नाही. इथला हिशेब सोपा आहे. हात थरथरला की पार्किन्सन्स, थरथरत नसेल तर नाही. गोंधळाची सुरुवात बहुधा इथूनच होते, आणि तो दोन्ही बाजूंनी होतो.

शिरोळकडच्या एक मावशी आठवतात. पन्नाशी उलटलेली, दोन म्हशी, थोडी शेती. डावा खांदा दुखतो म्हणून वर्षभर हिंडत होत्या. खांद्यात इंजेक्शन झालं होतं, शेक झाला होता, मानेचा पट्टाही झाला होता. खांदा आखडलाय हे निदान काही खोटं नव्हतं, तो खरोखरच आखडला होता. पण का आखडला, हे कुणी विचारलं नव्हतं. पार्किन्सन्सच्या काही पेशंटांत पहिली तक्रार नेमकी हीच असते, आणि ती हाडांच्या डॉक्टरकडे जाते, जायलाच हवी. माझ्याकडे त्या आल्या त्या हाताला मुंग्या येतात म्हणून. कंप औषधालाही नव्हता.

"मावशी, कामाला कुठं अडतं?"

"अडत काय न्हाई. धार काढताना तेवढा डावा हात मागं ऱ्हातोय बगा. उजव्याच्या दोन धारा होत्यात तवर डाव्याची एक. आन् ती बी बारीक व्हत जाती."

आमच्याकडे एक चाचणी असते. अंगठ्यावर तर्जनी आपटायला सांगायची, जमेल तेवढी बोटं फाकून, जमेल तेवढ्या वेगाने. पार्किन्सन्समध्ये सुरुवात बरी होते, पण आठ-दहा वेळांत बोटांमधलं अंतर कमी कमी होत जातं, मध्येच हात अडखळतो. नुसता हळू चालणारा हात म्हातारपणाचाही असतो, सांधेदुखीचाही असतो. हे आक्रसत जाणं महत्त्वाचं. मावशींनी ते माझ्याआधी म्हशीखाली बसून पाहिलं होतं, आणि एका हाताची दुसऱ्याशी तुलनाही करून ठेवली होती. एका बाजूने सुरू होणं हीसुद्धा या आजाराची खूण. मी त्यांचं डावं मनगट हातात घेऊन फिरवत राहिलो आणि उजव्या हाताने हवेत पाटी पुसल्यासारखं करा म्हटलं. तसं करताच मनगटातला लपलेला ताठरपणा हाताला लागला. पिशवीतली फिल्म मी त्यानंतर उघडली.

तेव्हापासून कुणालाही मी आधी कामाचं विचारतो. दाढी करताना, भात कालवताना, ब्लाउजचे हूक लावताना, पोळी लाटताना, टाळ वाजवताना काय होतं? ओपीडीत बोट आपटताना माणूस जिवाच्या आकांताने आपटतो आणि दोन मिनिटं सगळं बरं दिसू शकतं. रोजच्या कामात तसं सोंग टिकत नाही.

याच्या अगदी उलट बाजूचे एक निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचे दोन्ही हात थरथरायचे. कप ओठांपाशी नेताना चहा बशीत सांडायचा, सही करायला बँकेत जायची भीती वाटायची. कितीतरी वर्षं ते पार्किन्सन्स समजून सिंडोपाच्या, म्हणजे लेव्होडोपाच्या, गोळ्या घेत होते. मांडीवर हात ठेवून बसले की हात अगदी शांत. पुढे धरले की थरथर सुरू, कप उचलला की जास्त. मानही बारीक हलायची, नको-नको म्हटल्यासारखी. त्यांच्या आईची मान अशीच हलायची, असं पत्नीने सांगितलं. मी त्यांना एक वाक्य लिहायला दिलं. हे मी सगळ्यांना देतो आणि देवनागरी त्यासाठी फार सोयीची आहे. पार्किन्सन्सच्या माणसाची अक्षरं ओळीच्या शेवटाकडे बारीक आणि दाट होत जातात, शिरोरेघ तोकडी पडते. सरांची अक्षरं शेवटपर्यंत टपोरी होती, शाळेच्या फळ्यावर शोभतील अशी. फक्त प्रत्येक शिरोरेघ लाटेसारखी वरखाली गेली होती. हा घराण्यातून येणारा कंप. त्याचं औषध वेगळं, त्याची वाटचालही वेगळी. सरांना दमा नव्हता, म्हणून प्रोप्रॅनोलॉल सुरू केलं आणि सिंडोपा टप्प्याटप्प्याने बंद केली. ती बंद होताना काहीच बिघडलं नाही, हाही एक पुरावाच.

मला त्यात जास्त लागलं ते वेगळंच. त्या नावापायी सरांनी स्कूटर विकली होती, भजनी मंडळात पेटी वाजवणं सोडलं होतं आणि वरच्या मजल्यावरची पुस्तकं खालच्या खोलीत आणून ठेवली होती, पुढे जिना चढता येणार नाही म्हणून. गोळीचे दुष्परिणाम पुस्तकात वाचायला मिळतात. नावाचे मिळत नाहीत.

अर्थात ही गल्लत फक्त खेड्यापाड्यांत होते असं समजायचं कारण नाही. लेव्होडोपावरच्या एका नावाजलेल्या अमेरिकन चाचणीचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. तज्ज्ञांनी निवडून घेतलेल्या पेशंटांपैकी ज्यांच्या मेंदूचं डोपामिनसाठीचं स्कॅनिंग केलं, त्यांतल्या सुमारे सातातल्या एकाचं स्कॅन नॉर्मल निघालं. काही जणांचा कंप मुळात वेगळ्याच जातीचा असावा. तिथे घड्याळाकडे बघणारं कुणी बाकावर नव्हतं.

आता गोळ्यांच्या पिशवीबद्दल. माझ्या मते आपल्या भागात पार्किन्सन्सच्या निदानातला सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित तपास म्हणजे ही पिशवी टेबलावर रिकामी करणं.

"आजी, औषधं कुठली चालू आहेत?"

"बीपीची एक. बास."

"आणखी काही? झोपेची, चक्करची?"

"न्हाई."

मग सून हळूच म्हणते, "पित्ताची कॅप्सूल घेतात की रोज सकाळी, उपाशीपोटी." पित्ताची कॅप्सूल कुणाच्याच हिशेबात औषध नसते. ती चहासारखी असते. कधीतरी जळजळ झाली म्हणून कुणीतरी लिहून दिली, बरं वाटलं, मग तोच कागद दाखवून, आणि पुढे कागदही न दाखवता, दुकानातून येत राहिली. सुनेने पिशवीतून पट्टी काढली. दुकानदाराने कात्रीने चार-चार गोळ्यांचे तुकडे करून दिलेले. नावाचा अर्धा भाग दुकानातच राहिलेला. हाती आलेल्या तुकड्यावर बॅच नंबर आणि 'पिराइड' एवढीच अक्षरं. माझ्यासाठी तेवढी पुरे होती.

अशा कित्येक कॅप्सुलांत पित्ताच्या औषधासोबत लेव्होसल्पिराइड घातलेलं असतं. जठराची हालचाल वाढावी, ढेकर-गॅस कमी व्हावा म्हणून. ते काम ते डोपामिनची वाट अडवून करतं, आणि पोटापुरतं थांबत नाही. मेंदूतही तेच करतं. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड, चक्करवरचं सिनॅरिझिन, अर्धशिशीवरचं फ्लुनॅरिझिन, मानसिक आजारांवरची बरीच औषधं, फिटवरचं व्हॅल्प्रोएट, यांपैकी कशानेही माणूस हुबेहूब पार्किन्सन्सचा दिसू शकतो. वय जास्त असेल आणि बाई असेल तर धोका अधिक. आजींचे दोन्ही हात सारखेच मंद झाले होते, चेहरा गोठल्यासारखा होता, पावलं घासत होती. शिवाय जीभ आणि ओठ सारखे चाळवत होते. सून म्हणाली, सारखं काहीतरी चघळल्यासारखं करतात, आम्हाला वाटलं कवळी बसत नाही. ते चघळणं पार्किन्सन्सचं नव्हे, औषधाचं होतं.

कॅप्सूल बंद केली. नुसत्या पित्तासाठी साधी गोळी दिली. इथेच खरी परीक्षा सुरू होते, ती माझी नव्हे, घरच्यांची. औषधाचा हा परिणाम चार दिवसांत उतरत नाही. कित्येक आठवडे, महिने लागतात, कधी सहा महिन्यांहूनही जास्त. एवढा वेळ नवीन गोळी न देणाऱ्या डॉक्टरवर विश्वास ठेवायचा म्हणजे सोपं नाही. "डॉक्टरांनी फक्त गोळी बंद केली, दिलं काहीच नाही, आणि फी घेतली" अशी तक्रार माझ्यापर्यंत फिरून आली. पण आजी सुधारल्या. पुढच्या खेपेला त्या स्वतः दार ढकलून आत आल्या.

आणि त्याच सुमाराला तशीच कॅप्सूल घेणारे एक गृहस्थ मात्र सुधारले नाहीत. उजवा हात मंदच राहिला. त्यांना मी पुण्याला ट्रोडॅट स्कॅनसाठी पाठवलं. मेंदूत डोपामिनच्या पेशींची टोकं किती उरलीत हे त्यात दिसतं. औषधामुळे आलेल्या मंदपणात ते नॉर्मल राहतं, कारण पेशी शाबूत असतात, फक्त वाट अडलेली असते. यांचं स्कॅन डाव्या बाजूला फिकं आलं. म्हणजे आजार आत होताच. कॅप्सुलीने तो वेळेआधी बाहेर आणला. एकच पट्टी, दोन माणसं, दोन वेगळी उत्तरं. दोघांच्या फायलींवर पहिल्या दिवशी मी एकच ओळ लिहिली होती: पार्किन्सनिझम, कारण औषध? प्रश्नचिन्हासकट.

हे स्कॅन सगळ्यांनाच का करत नाही, असं लोक विचारतात. एक तर ते महाग आहे आणि मुंबई-पुण्याला जावं लागतं. दुसरं म्हणजे ते ज्या प्रश्नाचं उत्तर देतं तो प्रश्न बहुतेकदा नसतो. पेशी कमी झाल्यात एवढं ते सांगतं. कुठल्या आजाराने कमी झाल्यात हे सांगत नाही. पार्किन्सन्सचे जे चुलत आजार आहेत, पीएसपी, एमएसए वगैरे, त्यांतही स्कॅन तसंच फिकं येतं. कंप घराण्याचा की पार्किन्सन्सचा, औषधाचा की आजाराचा, असा पेच असेल तरच त्याचा पैसा वसूल होतो.

तरुण आणि म्हाताऱ्या पेशंटांबद्दल दोन गोष्टी. चाळिशीच्या आत कुणाला असा मंदपणा किंवा कंप आला तर मी तांब्याचा तपास केल्याशिवाय पुढे जात नाही, डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही पाठवतो, कारण विल्सनचा आजार औषधाने आटोक्यात येतो आणि सुटला तर फार महागात पडतो. आणि पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवी आवरत नाही, विसरभोळेपणा, असं त्रिकूट घेऊन आलेल्या आजोबांचा एमआरआय मी स्वतः बघतो, नुसता रिपोर्ट वाचत नाही. मेंदूतलं साठलेलं पाणी काढून देता येतं.

माहितीचा मोठा खजिना असतो घरच्यांकडे, पण तो विचारल्याशिवाय बाहेर येत नाही. पुष्कळदा पत्नीला वेगळं बसवून विचारावं लागतं. "झोपेत ओरडतात का? हातपाय मारतात का?" ती आधी लाजते. मग सांगते की गेली कित्येक वर्षं ती खाली गादी घालून झोपते, कारण हे झोपेत लाथा मारतात, एकदा तर तिचा गळाच धरला होता, स्वप्नात चोर पकडला म्हणे. स्वप्न पडताना शरीर जसं निश्चल राहायला हवं तसं न राहणं, ही पार्किन्सन्सच्या कित्येक वर्षं आधी येणारी खूण आहे. घरात ती भांडणाचा, चेष्टेचा, कधी देवाधर्माचा विषय झालेली असते. आजाराचा कधीच नाही. वास न येणं हीदेखील तशीच खूण. फोडणी करपली तरी कळत नाही, उदबत्ती लावली की नाही हे विचारावं लागतं. कोविडनंतर मात्र या प्रश्नाची धार गेली. कितीजणांचा वास तेव्हापासूनच गेलाय. बद्धकोष्ठाचं तर विचारूच नका, साठीपुढच्या कुणाच्या घरी इसबगोल नाही?

आणि मोबाइल. घरच्यांना मी सांगतो, दोन-तीन वर्षांपूर्वीच्या लग्नाचं शूटिंग असेल तर आणा. एका कुटुंबाने मुलीच्या वरातीचा व्हिडिओ दाखवला. फेटा बांधून बाप वरातीत चालतोय, सगळे नाचतायत, आणि त्याचा डावा हात कोपरात वाकून पोटापाशी स्थिर आहे. उजवा मात्र छान झुलतोय. चेहऱ्यावर हसू नाही. त्या वेळी सगळ्यांना वाटलं मुलगी सासरी चाललीय म्हणून बाप गप्प आहे. मुलीनेच तो व्हिडिओ माझ्यासमोर थांबवला, मागे नेला आणि पुन्हा पाहिला. आजाराची सुरुवात कधीची हे मला त्यातून कळलं. तिला काय कळलं ते मी विचारलं नाही.

औषधाला मिळणारा प्रतिसाद हाही निदानाचा भागच. लेव्होडोपाने ठळक फरक पडला तर पार्किन्सन्सकडे काटा झुकतो. पण "गोळी लागू पडली नाही" या वाक्यावर मी सहजी विश्वास ठेवत नाही. किती घेतली? अर्धी-अर्धी, दोनदा. कशासोबत? दुधासोबत. प्रथिनांबरोबर घेतली की ती आतड्यातून नीट शोषली जात नाही, आणि अर्ध्या गोळीवरून कुठलाच निकाल लागत नाही. पुरेसा डोस, रिकाम्या पोटी, काही आठवडे, असं केल्यावरच नाही म्हणता येतं. उलट बाजूनेही गंमत होते. एका पेशंटला माझ्या गोळीने काही वाटलं नाही, पण वैद्यांच्या चूर्णाने हात हलका झाला असं तो जरा दबकतच म्हणाला. चूर्ण खाजकुइलीच्या बियांचं होतं. त्या बियांत लेव्होडोपाच असतो. १९३७ मध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी तो त्यांतून वेगळा काढल्याचं प्रसिद्ध केलं होतं. म्हणजे निदानाची चाचणी वैद्यबुवांनी करून ठेवली होती, मला फक्त डोस मोजता येईल अशा रूपात तो द्यायचा होता.

एवढं सगळं करूनही किती वेळा बरोबर येतं? लंडनच्या ब्रेन बँकेतला १९९२ चा अभ्यास आमच्या पिढीने पाठ केलाय. पार्किन्सन्स म्हणून निदान झालेल्या शंभर माणसांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले. ७६ जणांत तो निघाला. तज्ज्ञांच्या विशेष दवाखान्यांत पुढे हा आकडा बराच सुधारला. पण मला त्याहून बोलका वाटतो तो अ‍ॅरिझोनातला २०१४ चा अभ्यास. आजाराला पाच वर्षं व्हायच्या आत, औषधाला प्रतिसाद देणाऱ्यांतही निदान जेमतेम निम्म्या जणांत, ५३ टक्क्यांत, बरोबर ठरलं. पाच वर्षं उलटून गेलेल्यांत ८५ टक्के. म्हणजे डॉक्टरपेक्षा वेळ जास्त हुशार. पाठीच्या पाण्यातून किंवा त्वचेतून चुकीच्या घड्या पडलेलं सिन्युक्लिन नावाचं प्रथिन शोधणाऱ्या चाचण्या आता येताहेत आणि त्या आश्वासक आहेत, पण माझ्या बाकावरच्या माणसापर्यंत यायला त्यांना वेळ आहे. आणि आमचं एक दुखणं असं, की आमची उत्तरपत्रिका कधी तपासलीच जात नाही. बेंगळुरूला निम्हान्समध्ये ब्रेन बँक आहे. पण तिरडी बांधलेल्या घरात जाऊन मेंदूची परवानगी मागण्याची माझी छाती होत नाही, आणि कुणी स्वतःहून कधी दिलेली नाही.

म्हणून फाइल उघडी ठेवायची. हे बोलायला सोपं आहे. कागलजवळचे एक आबा माझ्याकडे येत होते. एका बाजूचा मंदपणा, गोळीने बरा फरक, सगळं पार्किन्सन्ससारखं. पण ते पडायचे. तेही सुरुवातीच्या वर्षभरातच, आणि मागे. खुर्चीत बसताना धप्पकन बसायचे. पार्किन्सन्सचा माणूस पडतो, पण सहसा बऱ्याच उशिरा. फायलीवर मी 'पडणं लवकर' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. पुढे मुलगा म्हणाला, आबा जेवताना शर्टावर सांडतात, आणि जिना उतरताना भिंतीला धरून उभेच राहतात. मी आबांची मान स्थिर धरली आणि माझ्या बोटाकडे बघत राहा म्हटलं. डावीकडे गेले डोळे, उजवीकडे गेले. बोट खाली नेलं, डोळे निघायलाच तयार नाहीत. ताटातलं त्यांना दिसत नव्हतं, पायरीही दिसत नव्हती. मग म्हटलं, "आबा, तीन टाळ्या वाजवा. तीनच." आबांनी वाजवायला सुरुवात केली ती चार, पाच, सहा, सात, मुलाने हात धरला तेव्हा थांबले. आयुष्य भजनात गेलेला माणूस, स्वतःच ओशाळला.

पीएसपी. टोरांटोच्या तीन डॉक्टरांनी १९६४ मध्ये हा आजार वेगळा करून दाखवला. त्याचा एक प्रकार सुरुवातीची काही वर्षं पार्किन्सन्सचाच वेश घेऊन वावरतो, गोळीलाही दाद देतो. नाव बदललं की औषधांत फार फरक पडतो असं नाही. दुर्दैवाने देण्यासारखं फार नसतंच. पण बाकी सगळं बदलतं. पडू न देण्याची व्यवस्था आजच करावी लागते. गिळण्याकडे आत्तापासून लक्ष द्यावं लागतं. मेंदूत इलेक्ट्रोड बसवायच्या ऑपरेशनची जाहिरात बघून मुलगा जमीन विकायच्या विचारात होता; त्या ऑपरेशनचा पीएसपीत उपयोग नाही, हे त्याला सांगता आलं. नावाचा एवढा उपयोग मला पुरतो.

नंतर मुलगा दिव्यांग प्रमाणपत्रासाठी पत्र मागायला आला. २०१६ च्या कायद्याच्या यादीत मेंदूच्या दीर्घ आजारांमध्ये पार्किन्सन्सचं नाव स्पष्ट आहे. पीएसपीचं नाही. "आधीच्या कागदावर पार्किन्सन्स, आताच्यावर पीएसपी. सिव्हिलमध्ये विचारणार, खरं कुठलं?" त्याचं म्हणणं रास्त होतं. मी पत्रात सगळं तारीखवार लिहिलं: पडणं कधी सुरू झालं, गोळीचा गुण कधी ओसरला, डोळे खाली जायचे कधी थांबले. पत्र दोन पानी झालं. काही दिवसांनी बोर्डावरच्या डॉक्टरांचा फोन आला.

"सर, कॉलम एवढासा आहे. एका ओळीत सांगा."

"पीएसपीची दाट शक्यता."

"शक्यता लिहिता येत नाही हो."

"मग पीएसपी लिहा. यादीत दीर्घ आजारांपुढे 'यांसारखे' असा शब्द आहे, त्यात बसतं. आणि पुन्हा तपासणीची तारीख टाका."

तारखेसाठी कॉलम होता.